आमच्या ‘मेजरां’ची नावं वहीत लिहा : सातारा जिल्ह्यातल्या ग्रामसभांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातल्या सर्व ग्रामसभा,
सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि सभेला येणारे सगळे गावकरी

स.न.वि.वि.

आपल्याकडं मिल्ट्रीतनं पेन्शनवर आलेल्या प्रत्येक माणसाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून नोकरी संपवून आलेला मेजर, हवालदार झालेला मेजर, गाडी चालवायला होता तोही मेजर. हाक मायेची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे वडीलही गावात मेजरच होते. एसटीच्या थांब्यावर, दूध डेअरीवर, जत्रेच्या वर्गणीच्या बैठकीत ‘या मेजर, बसा मेजर’ असंच चालायचं. प्रत्यक्षात आबा सुभेदार होते. शिपाई म्हणून बेळगावच्या सेंटरला भरती झाले आणि अठ्ठावीस वर्षांनी सुभेदार म्हणून घरी आले.

ते गेले तेव्हा सावडायच्या दिवशी श्रद्धांजलीला चारजण उठले. चौघंही चांगली माणसं, आबांना मानणारी. पण ‘मेजरसाहेबांनी देशाची सेवा केली’ या वाक्याच्या पुढं कुणालाच जाता आलं नाही. मी बाजूला उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, मला बोलायला सांगितलं तर मी तरी काय जास्त सांगणार? मी त्यांची मुलगी, प्राथमिक शिक्षिका, रोज पोरांना इतिहास शिकवणारी. आणि माझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षं नेमकं काय केलं, ते मला माहीत नव्हतं.

ते मला त्यांच्या काळ्या ट्रंकेनं सांगितलं. हे पत्र त्या ट्रंकेतल्या एका वहीमुळं लिहिते आहे.

जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली वही. सुरुवातीला वाटलं हिशेबाची असेल. उघडली तर एकेका पानावर एकेका माणसाचं नाव. खाली त्याचं गाव, तालुका, जवळचं रेल्वे स्टेशन. रक्तगट. बुटाचा नंबर. बायकोचं नाव, पोरांची नावं, कुठली पोरगी कितवीत आहे. शेवटची सुट्टी कधी घेतली. कुणापुढं ‘बापाला दमा’, कुणापुढं ‘भावाशी बांधावरून दावा चालू’, एका पानावर ‘पत्र आलं की दोन दिवस गप्प असतो, विचारायचं’. अशी तिसाच्या वर पानं. ती त्यांची प्लाटून, म्हणजे तीसेक जवानांची तुकडी होती. आबा प्लाटून कमांडर होते आणि ही त्यांची वही होती.

फौजेतली माणसं म्हणतील, त्यात विशेष काय, प्रत्येक प्लाटून कमांडर अशी वही ठेवतो. बरोबर आहे, आणि मला हेच तुम्हाला सांगायचं आहे. हजारो सुभेदारांनी हे नेमून दिलेलं काम म्हणून केलं, आणि त्यातल्या कुणाचं असं एकही पान त्यांच्या स्वतःच्या गावात नाही.

सुभेदार म्हणजे कोण, ते आधी नीट सांगते, कारण गावात पुष्कळ गैरसमज आहेत. खांद्यावर दोन स्टार दिसले की काहींना वाटतं लेफ्टनंट. ‘म्हणजे मोठा शिपाईच ना’ असं विचारणारेही भेटले. नायब सुभेदाराला एक स्टार, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला अशोकस्तंभाची राजमुद्रा, आणि त्याबरोबर एक रंगीत पट्टी असते. त्या पट्टीवरून ओळखायचं. या तिघांना मिळून ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओ म्हणतात. दुसऱ्या देशांच्या सैन्यात साधारण याच जागेवर वॉरंट ऑफिसर असतो, आपल्या हवाई दलातही तेच नाव आहे. भूदलातल्या सुभेदाराला मात्र राष्ट्रपतींचं कमिशन, म्हणजे नेमणुकीचं अधिकारपत्र असतं. जवान त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि अधिकारीही ‘सुभेदार साहब’ म्हणूनच हाक मारतो. नुसत्या नावानं नाही.

या हुद्द्याला इतिहास आहे, आणि तो सगळाच गोड नाही. इंग्रजांच्या काळात कित्येक पिढ्या हिंदी माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीचं कमिशन मिळत नव्हतं. कितीही लढायांत पराक्रम गाजवला तरी सुभेदार मेजर हे त्याचं छत. त्याच्यावर कालपरवा विलायतेहून आलेला विशीतला पोरगा अधिकारी. या सुभेदारांच्या कमिशनला व्हाइसरॉयचं कमिशन म्हणत. स्वातंत्र्यानंतर नाव बदलून जेसीओ झालं, ‘जमादार’ हा जुना हुद्दा १९६५ मध्ये ‘नायब सुभेदार’ झाला, आणि अधिकारी होण्याची वाट सगळ्यांना मोकळी झाली. तरीही सैन्यानं सुभेदाराची जागा ठेवली. का ठेवली, याचं उत्तर मला वहीत सापडलं.

समजा एक लेफ्टनंट ॲकॅडमीतनं पास होऊन पलटणीत येतो. वय बावीस-तेवीस. हुशार असतो, शूर असतो, पण डोंगरातली पहिली थंडी त्यानं अजून काढलेली नसते. त्याच्या हाताखाली बेचाळीस वर्षांचा सुभेदार. सुभेदार त्याला सॅल्यूट करतो, त्याचा हुकूम पाळतो, आणि त्याच वेळी त्याला शिकवतो. चारचौघांत त्याचा मान खाली जाऊ न देता शिकवतो. खाली जवानांना सांभाळायचं आणि वर अधिकाऱ्याला घडवायचं, ही दोन्ही कामं एका माणसाकडं. आबा घरी एवढंच म्हणायचे, ‘आमच्या साहेबांचं आता कर्नल म्हणून प्रमोशन झालं.’ त्या बोलण्यात एवढा आनंद का असायचा, ते मला लहानपणी कळायचं नाही. आता कळतं.

सुभेदार होणं सोपंही नसतं. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, मग नायब सुभेदार. मध्ये प्रमोशन कॅडर म्हणजे बढतीचं प्रशिक्षण, शिक्षणाची परीक्षा, नकाशावाचन, वर्षानुवर्षांचा स्वच्छ शेरा, आणि एवढं सगळं असूनही जागा रिकामी व्हावी लागते. बरोबर भरती झालेले बहुतेक जण हवालदारापर्यंत येऊन घरी परततात. सुभेदार मेजर तर साऱ्या पलटणीत एकच. तो कमांडिंग ऑफिसरच्या शेजारी उभा राहतो आणि जवानांच्या मनात काय चाललंय ते त्याला सांगतो. निवृत्तीच्या तोंडावर २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मोजक्या जणांना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. आपल्या गावात असा एखादा मानद कॅप्टन असेल, तर त्याच्यामागं काय तपश्चर्या आहे ते एकदा त्यालाच विचारा.

आणि लढाईत सुभेदार मागं नसतो. १९६२ मध्ये तवांगच्या वरच्या अंगाला, बुमलाजवळ, चिनी हल्ल्यावर हल्ला परतवणारी प्लाटून सुभेदार जोगिंदर सिंग यांची होती. परमवीरचक्र मिळालं ते त्यांच्या मागं. १९८७ मध्ये सियाचिनवर बर्फाच्या भिंतीवर चढून पाकिस्तानी चौकी घेणारे बाणा सिंग नायब सुभेदार होते. त्यांनाही परमवीरचक्र. शाळेत मी ही नावं शिकवत होते. हुद्दा मात्र नुसता वाचून पुढं जात होते.

आबा दोनदा सियाचिनला गेले. तिथली पानं वहीत वेगळी आहेत. घरची माहिती नाही, नुसती नावं आणि त्यांच्यापुढं तारीखवार खुणा. मला काही अर्थ लागेना. त्यांच्या जुन्या दोस्ताला, एका निवृत्त सुभेदार मेजर काकांना, फोन लावून विचारलं. ते म्हणाले, ‘अगं, ती बोटांची तपासणी आहे. रोज रात्री बूट-मोजे काढायला लावायचे आणि प्रत्येकाच्या पायाची बोटं स्वतः हातात घेऊन बघायची. पांढरी पडलीत का, बधिर आहेत का. पोरं सांगत नाहीत. दुखतं म्हटलं तर खाली पाठवतील, भित्रा म्हणतील असं वाटतं त्यांना. म्हणून विचारायचं नाही, बघायचं.’ मी फोन ठेवला आणि बराच वेळ ते पान समोर धरून बसले. आम्ही लहान असताना थंडीत आबा निजायच्या आधी आमच्या पायांवरून हात फिरवायचे. मला ती त्यांची सवय वाटायची.

सातारा हा फौजेचा जिल्हा आहे हे आपण भाषणात सारखं सांगतो. माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात पाऊस दगा द्यायचा, तेव्हा पोरगा भरती झाला की घराला मनीऑर्डरचा आधार व्हायचा. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या तर नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. त्या युद्धानंतर इंग्रजांनी अनेक गावांत दगड बसवले : या गावातून इतके युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तो दगड तुमच्या गावात असेल तर जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी नुसते आकडे आहेत. नाव नाही, हुद्दा नाही. शंभर वर्षांनी आज कुणी नातू विचारायला आला, की त्यातला माझा पणजा कुठला, तर गाव उत्तर देऊ शकत नाही. आपण त्या दगडावर दर वर्षी फूल वाहतो आणि इंग्रजांनी केलं तेच करतो. माणसं मोजतो, नावं लिहीत नाही.

एक नोंद काय करू शकते, त्याचं उदाहरण साताऱ्यातच आहे. रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हुद्दा सुभेदार. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला येऊन राहिले. खटाव तालुक्यातल्या गोरेगावात त्यांनी खजिनदाराची नोकरी केली. वडिलांना भेटायला निघालेली त्यांची मुलं मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळल्यावर गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. सुभेदाराची मुलं होती ती. हे आपल्याच जिल्ह्यात घडलं, विसरायचं नाही. त्याच सुभेदाराच्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात दाखल झालं. रजिस्टरात नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर. शाळेनं ते रजिस्टर जपलं म्हणून आज महाराष्ट्र ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतो. लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय माहीत होतं? त्यानं फक्त नोंद नीट केली.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. ती मला सांगवत नाही, पण गावोगावच्या बायकांसाठी सांगायला हवी.

आईचं नाव लग्नात बदललं, आपल्याकडं बदलतात तसं. आबांनी पलटणीत जाऊन लग्नाची नोंद केली ती माहेरच्या नावानं, कारण तिच्या शाळेच्या दाखल्यावर तेच होतं. रेशनकार्ड, आधार, बँकेचं खातं मात्र सासरच्या नावानं. आबा असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला आणि तो परत आला. कागदावरची बायको वेगळी, समोरची बाई वेगळी. चाळीस वर्षं संसार केलेल्या माझ्या आईला, आपण आपल्याच नवऱ्याची बायको आहोत, हे सिद्ध करायला अकरा महिने लागले. प्रतिज्ञापत्र, दाखले, फोटो, साक्षीदार, पुन्हा प्रतिज्ञापत्र. आबा हयात असते तर त्यांच्या एका अर्जानं रेकॉर्ड ऑफिसला पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेतली अधिकृत नोंद, दुरुस्त झाली असती. आई त्या अकरा महिन्यांत एकदाच रडली. म्हणाली, ‘त्यांनी दुसऱ्याच्या बायकापोरांची नावं वहीत बरोबर लिहिली, माझंच चुकलं.’

यातनं आम्हाला कुणी बाहेर काढलं? त्याच सुभेदार मेजर काकांनी. फोनवर सांगायचे, ‘डिस्चार्ज बुक काढ. पहिलं पान वाच. आता पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश काढ. त्यात बायकोच्या नावापुढं काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाच.’ तीस वर्षं जवानांच्या अडचणी सोडवलेला माणूस तो, त्याला सगळं तोंडपाठ. आणि मला एकदम उमगलं, की असा माणूस आपल्याही गल्लीत आहे, पलीकडच्या वाडीत आहे. आपण त्याला कँटीनच्या सामानाबद्दल विचारतो. बँकेच्या दारात किंवा साखर कारखान्याच्या गेटवर तो बंदूक घेऊन उभा असतो, तेव्हा ‘मेजर, काय चाललंय’ म्हणून पुढं जातो. त्या नोकरीला मी कमी लेखत नाही, कष्टाची भाकरी आहे. पण तीस माणसांना बर्फातनं जिवंत परत आणायचं ज्याला जमलं, त्याचं गावाकडं दुसरं काहीच काम नाही?

म्हणून माझी मागणी एकच आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करा आणि ग्रामपंचायतीत एक वही उघडा. गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाला एक पान द्या. घरपट्टी माफीसाठी राज्य सरकारनं २०२० मध्ये निर्णय केला, तेव्हापासून काही ग्रामपंचायतींत माजी सैनिकांची यादी असेल. तिच्यात नाव आणि घर नंबर मिळेल. मला त्याच्या पुढचं हवं आहे. भरती कधी, कुठल्या सेंटरला, कुठली रेजिमेंट, कुठली पलटण. हुद्दा कुठला, म्हणजे निदान त्याच्या सावडण्याच्या दिवशी तरी तो बरोबर सांगता येईल. कुठं कुठं होता : १९६५, १९७१, श्रीलंकेतली शांतिसेना, सियाचिन, कारगिल, काश्मीर, ईशान्य. कोण दोस्त गेले, कोण अजून आहेत. पीपीओ नंबर वहीत लिहू नका, तो खासगी कागद आहे. पण तो घरात कुठं ठेवलाय ते घरातल्या दोघांना माहीत आहे का, एवढं विचारून खूण करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फौजेच्या कागदावर बायकोचं नाव काय आहे आणि आधारवर काय आहे, ते दोन्ही तपासा. जुळत नसेल तर तो माणूस हयात आहे तोवर अर्ज करायला लावा. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर आहे, दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो राहिला तर ऐंशीच्या घरातल्या माणसाची पेन्शन थांबते. वही असली की दाखला कुणाचा राहिला ते विचारायला गल्लीतलं कॉलेजचं पोरगंसुद्धा पुरतं.

ही माहिती नुसत्या ग्रामसभेत गोळा होणार नाही. आधीच्या महिला सभेत विषय घ्या. मेजर सभेत ‘आपलं सगळं ठीक आहे’ म्हणतील, नावाचा घोळ घरच्या बाईलाच माहीत असतो. वाड्या-वस्त्या, बौद्ध वस्ती, मातंग वस्ती, धनगर वस्ती यांतली पानं आधी भरा. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली, तिच्यात गेलेल्यांची घरं आपल्या गावांत आहेत आणि त्यांची आठवण भाषणात फार कमी निघते.

हे लिहायचं काम कुणी करायचं, तर गावातल्या निवृत्त जेसीओनं. त्याला ते शिकवावं लागणार नाही. त्याला सन्मानानं बोलवा, टेबल-खुर्ची द्या, आणि भरतीच्या तयारीतली पोरं त्याच्या शेजारी बसवा. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चौघांतला फार तर एक कायम होणार, बाकीचे तिघं बावीस-चोविसाव्या वर्षी गावात परत येणार. सुभेदार घडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, ती वर्षं या पोरांना मिळणार नाहीत. परत आल्यावर त्यांचं कसं चाललंय ते कोण बघणार? पाय सुन्न झालेलं पोरगं सांगत नाही, हे ज्याला माहीत आहे, त्यानं बघावं असं मला वाटतं.

खर्च वहीचाच आहे. पहिली मी आमच्या ग्रामपंचायतीला नेऊन दिली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. सुरुवात शेजारच्या हवालदार काकांपासून केली. एकाहत्तरच्या लढाईतले आहेत. मी नुसतं ‘काका, भरती कुठं झालात’ विचारलं आणि संध्याकाळची रात्र झाली. मधे ते तीनदा थांबले, एकदा उठून बाहेर ओट्यावर गेले, परत आले, पुढं सांगितलं. त्यांची सून दारात उभी राहून ऐकत होती, म्हणाली, ‘वीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.’ बुटाचा नंबरही मी विचारला. ते हसले, पण सांगितला : आठ.

निघताना काकू चुलीपाशी होत्या. तिथनंच म्हणाल्या, ‘माझं नाव लिहिलंस का गं? मिल्ट्रीत माहेरचं दिलंय, बघ.’

मी परत बसले आणि दोन्ही नावं लिहिली.

आपली,
एका सुभेदाराची मुलगी,
ता. कोरेगाव, जि. सातारा